न्हाणीमागचा हिरवा आडोसा



गेल्या महिन्यात एका वस्तीवरून एका ताईंचा फोन आला होता. शेजारच्यांनी घरावर स्लॅब टाकला, वर जायला जिना केला, आणि त्या दिवसापासून ताईंची पंचाईत झाली. न्हाणी मागच्या अंगणात, वर छप्पर नाही, भिंत छातीएवढी. आता त्या पहाटे चारला उठून अंघोळ उरकतात. पाळीची फडकी साडीच्या घडीखाली वाळत घालतात. "पत्रा मारायला पैसे नाहीत, झाडं लावून काही होईल का?" असं त्यांनी विचारलं. आम्ही म्हटलं, होईल. पण कुठलं झाड, कुठं आणि किती उंच, हे आधी ठरवावं लागेल. आज तेच बोलू. आमच्यापैकी तिघींच्या परसात असा आडोसा उभा आहे, आणि तो उभा राहण्याआधी आम्ही चुकाही भरपूर केल्यात.

पहिली चूक जागेची. आडोसा म्हटलं की आपण हद्दीवर, शेजारच्या भिंतीला लागून झाडं लावतो. तिथंच फसतो. हिशोब बघा. गच्चीवर उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १५ फुटांवर असते. तुमची न्हाणी त्या भिंतीपासून २० फुटांवर, आणि तुमची उंची ५ फूट धरा. झाडं त्यांच्या भिंतीपासून ४ फुटांवर लावलीत, तर ती १३ फूट वाढेपर्यंत काही झाकणार नाही. तीच झाडं न्हाणीपासून ४ फुटांवर लावलीत, तर ७ फुटांत काम होतं. १३ फुटांचं झाड म्हणजे चार-पाच वर्षांची वाट. ७ फुटांचं झुडूप निगा ठेवली तर दोन-तीन पावसाळ्यांत तयार होतं. म्हणून ज्याला झाकायचं, त्याच्या जवळ लावा.

आकडेमोड नको असेल तर तिघींनी मिळून करा. एकीने गच्चीवर उभं राहायचं, दुसरीने न्हाणीजवळ लांब काठी उभी धरायची आणि तिसरीने न्हाणीत उभं राहायचं. काठीचं टोक न्हाणीतल्या बाईच्या डोक्याच्या रेषेत आलं की तेवढी उंची हवी. आमच्या इथे हे करायला शेजारच्या काकूंच्याच गच्चीवर जावं लागलं. आधी त्या रागावल्या. "आमच्या घरातल्यांची नजर वाईट आहे का गं?" म्हणाल्या. आमच्यातली थोरली म्हणाली, "नाही हो काकू, पण तुमच्या सुना गच्चीवर पापड घालायला आल्या की आमच्याच सुना लाजतात." मग काकू स्वतःच वर उभ्या राहिल्या आणि "अजून वर, अजून वर" करत काठी धरायला लावली. त्यांना न विचारता झाडं लावली असती तर पुढची दहा वर्षं पालापाचोळ्यावरून भांडण झालं असतं.

आता झाडं. आमच्या माणदेशात पाऊस कमी, तोही बराचसा परतीचा. त्यामुळे नर्सरीत दिसणारं सगळं इथं टिकत नाही. आडोशाला तीन गुण बघायचे: उन्हाळ्यात पान टिकावं, बुडापासून फांद्या फुटाव्यात आणि शेळीने तोंड लावू नये. तिन्हींत बसणारा आमचा पहिला नंबर अडुळशाचा. पान कडू, शेळ्या वळून बघत नाहीत. बारा महिने हिरवा, सहा-सात फूट सहज होतो, आणि काडी लावली की लागतो. (खोकल्याचा काढा सगळ्यांना माहीत आहे, पण गरोदर बाईने तो घेऊ नये.) त्याच्या बाहेरच्या अंगाला निरगुडी. ती दहा-बारा फुटांपर्यंत जाते आणि छाटावी तेवढी दाट होते. कडक उन्हाळ्यात थोडी विरळ पडते, म्हणून एकटी लावू नये. मेंदीही चांगली, पाण्याला फार मागत नाही, पण हळू वाढते. तिचा पाला विकायचा विचार असेल तर आडोसा म्हणून धरू नका. पाला काढला की आडोसा गेला.

सीताफळाचा मोह आम्हालाही झाला होता. फळ मिळतं, शेळी खात नाही. पण ऐन उन्हाळ्यात पान गळतं आणि नुसत्या काटक्या उरतात. शेवग्याचंही तसंच, शिवाय तो बुडाशी मोकळा. या दोन्ही झाडांना परसात दुसरीकडे जागा द्या.

पहिल्या वर्षी मात्र अडुळसा गुडघ्याएवढाच असतो. तोवर काय? तोवर शेवरी. बी टाकलं आणि पाणी मिळालं तर वर्षाच्या आत माणसाच्या वर जाते. चार-पाच वर्षांत म्हातारी होते, पण आपल्याला तिचं काम दोनच वर्षांचं. मग तोडून शेळ्यांना घाला. अर्थात तोपर्यंत शेळ्यांपासून तिला राखावं लागतं, तिचा पाला त्यांना फारच आवडतो. तेवढंही जमत नसेल तर चार काठ्या रोवून दोडक्याचा किंवा घेवड्याचा वेल चढवा.

काही झाडांपासून लांब राहा. आम्ही आधी शेर लावला होता. फुकट मिळतो, पाणी लागत नाही, गच्च होतो. एके दिवशी खेळताना फांदी मोडली आणि चीक पोराच्या डोळ्यात गेला. डोळा धूत धूत तालुक्याला नेला. डोळा वाचला, पण त्याच आठवड्यात शेर मुळासकट काढला. कण्हेर विषारी, माणसाला आणि जनावरालाही. पिवळी कण्हेर, जिला काही जण बिट्टी म्हणतात, तिच्या बियाही तशाच, आणि मुलं त्या खेळायला घेतात. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या समजून मुलं खातात आणि उलट्यांनी बेजार होतात. न्हाणीजवळ, जिथं पोरं उघड्या अंगाने खेळतात, तिथं यातलं काही नको. सुबाभूळही नको, तिचं बी सगळीकडे उगवतं. एकदा आली की परसातून जात नाही. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ आणि संडासाच्या टाकीजवळ नकोच.

लावायची रीत. चांगला पाऊस झाला, जमीन वीतभर ओली झाली की सुरुवात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची काडी घ्या, तीन-चार डोळे असलेली. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. एका ओळीत लावू नका. दोन ओळी, मधे दीड फूट. एका ओळीत दोन काड्यांमधे दोन फूट, आणि दुसऱ्या ओळीतली काडी पहिलीच्या दोघींच्या मधोमध. म्हणजे फट राहत नाही.

पुढचं सांगितलं की बायका आमच्यावर चिडतात. झुडूप गुडघ्याच्या वर गेलं की शेंडा छाटायचा. इतकं वाढवलं आणि छाटायचं? हो. शेंडा छाटला नाही तर ते सरळ वर जातं आणि बुडाशी मोकळं राहतं. आणि आपल्याला झाकायचं असतं ते कमरेच्या खालचंसुद्धा. छाटताना बूड रुंद आणि वरचा भाग थोडा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं.

पाण्याची काळजी करू नका, पाणी न्हाणीतच आहे. अंघोळीचं पाणी चर काढून मुळाशी सोडा. कपड्यांच्या पावडरीचं पाणी मात्र रोज एकाच जागी नको, क्षारांनी माती कडक होते. त्या पाण्याला वेगळा चर करून कर्दळ, अळू लावा. पहिले दोन उन्हाळे दोन झुडपांमधे एक मडकं गळ्यापर्यंत पुरा, झाकण ठेवा आणि भरत राहा. मुळं आपोआप त्याकडे जातात.

सापाची भीती सगळ्याच बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही. बुडाचा वीतभर भाग पाला काढून मोकळा ठेवा. सरपण, गोवऱ्या, विटा त्याच्या शेजारी रचू नका. उंदीर तिथंच राहतो आणि साप त्याच्या मागे येतो. रात्री बॅटरी न्या.

आणि आडोसा चारी बाजूंनी करू नका. आमच्यातल्या एकीने तसा केला, आणि मग संध्याकाळी मागे जायची तिलाच धडधड होऊ लागली. पलीकडे कोण उभं आहे ते दिसेना. जिकडून नजर येते तेवढीच बाजू झाका. घराच्या मागच्या दारातून न्हाणीपर्यंतची वाट दिसत राहिली पाहिजे. उन्हाची बाजूही मोकळी हवी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्या अंगाला उंच झुडपं आली तर दोरीवर ऊन येत नाही. पाळीची फडकी कडक उन्हात, उघड्यावर वाळली पाहिजेत. ओलसर राहिली तर खाज सुटते, जंतुसंसर्ग होतो. ती साडीखाली लपवावी लागू नयेत, यासाठीच तर हा सगळा खटाटोप. आमची दोरी आता अडुळशाच्या अलीकडे पूर्व-पश्चिम बांधली आहे. सकाळी आठपासून तिच्यावर ऊन असतं आणि काकूंच्या गच्चीवरून ती दिसत नाही. हे काकूंनीच वरून बघून सांगितलं.

ज्यांना अडुळशाच्या आणि निरगुडीच्या काड्या हव्या असतील त्यांनी पहिला मोठा पाऊस झाला की केंद्रावर या. येताना ओलं गोणपाट आणा. काड्या वाऱ्याने सुकल्या तर लागत नाहीत.