एकच प्रोग्राम, तीन मशीन: विममधून कंपाईल करायची साधी मांडणी

दुकानासाठी स्टॉक आणि बिलाचा छोटा प्रोग्राम सी भाषेत कसा उभा करायचा, ते आपण व्हिडिओत बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "सर, माझ्या उबुंटूवर मस्त चालतो. गिऱ्हाइकाकडे गेलो की कंपाईलच होत नाही. मग एडिटरची सेटिंग प्रत्येक ठिकाणी वेगळी करायची का?"

नाही. तीच तर चूक आहे. एडिटरला मशीन कोणतं आहे ते कळायची गरजच नाही. त्याने फक्त एकाला हाक मारायची, आणि मशीनमधला फरक त्या एकानेच सांभाळायचा. आजचा सगळा लेख एवढ्यासाठीच. एक सूचना आधीच: कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. नेमकी अक्षरं व्हिडिओच्या स्क्रीनवर आहेत, शेजारी उघडून ठेवा.

आता हे धंद्याच्या दृष्टीने का महत्त्वाचं, ते बघू. समजा तुम्ही बसवून देण्याचे ४००० रुपये घेता. किराणा दुकानात उबुंटू आहे, तिथे अर्ध्या तासात काम होतं. फोटो अल्बम करणाऱ्याकडे मॅक आहे. आणि एका वर्कशॉपमध्ये कुणीतरी पूर्वी बॅकअपसाठी फ्रीबीएसडीचा सर्व्हर बसवून दिलाय, मालकाला त्याचं नावही माहीत नाही, पण प्रोग्राम त्याच्यावरच हवाय. पहिल्या ठिकाणी कमाई, दुसऱ्या ठिकाणी बरोबरी, तिसऱ्या ठिकाणी अख्खा दिवस गेला आणि वर चहा पाजणारा मालक विचारतो, "जमतंय ना हो तुम्हाला?" हा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढचं काम त्या गल्लीत मिळणं अवघड.

तयार झालेली फाईलच पेन ड्राइव्हवर नेली तर? चालणार नाही. लिनक्सवर बनलेली फाईल मॅकला कळत नाही. इंटेलवर बनलेली फाईल रास्पबेरी पायच्या एआरएम चिपला कळत नाही. म्हणून सोर्स न्यायचा आणि तिथे कंपाईल करायचं, किंवा तसलंच एक मशीन आपल्याकडे ठेवायचं. दोन्हीकडे मांडणी तीच लागते.

आधी बघा, एडिटर खरंच तोच आहे का

मी विम वापरतो, कारण तो जवळपास कुठेही मिळतो आणि की-बोर्डवरच सगळं होतं. ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रामरने तो १९९१ मध्ये बाहेर आणला. पण "व्हीआय" टाईप केल्यावर समोर येणारा एडिटर सगळीकडे सारखा नसतो, आणि नवीन माणूस इथेच फसतो.

मॅकवर व्हीआय म्हटलं की विमच उघडतो. उबुंटूवर बहुतेक वेळा विमची छोटी आवृत्ती असते, तिचं नाव विम-टायनी. तिच्यात एररची यादी सांभाळणारा भागच नाही, त्यामुळे एडिटरच्या आतून मेक चालवायला गेलात तर ती नाही म्हणते. फ्रीबीएसडीवर तर तो विमच नाही, एनव्हीआय नावाचा वेगळा एडिटर आहे. म्हणून उबुंटू आणि फ्रीबीएसडी दोन्हीकडे पूर्ण विम आधी इन्स्टॉल करायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते माहीत नसलं तर तासभर "माझी सेटिंग का चालत नाही" असं करत बसाल.

मॅकवर एडिटर आहे, पण कोऱ्या मशीनवर कंपायलर नसतो. ॲपलची कमांड लाइन टूल्स उतरवावी लागतात. ती शेकडो एमबींची आहेत. गिऱ्हाइकाच्या दुकानात स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. आदल्या दिवशी फोन करून त्यांच्या वायफायवर करून घ्यायला सांगा.

विमची सेटिंग: तीन ओळी, बस

विममध्ये "मेकपीआरजी" नावाचा एक पर्याय आहे. कोलन देऊन मेक असं टाईप केलं की विम कोणता प्रोग्राम चालवेल, ते हा पर्याय ठरवतो. मुळात तिथे मेक हेच असतं. आपण तिथे आपल्याच फोल्डरमधल्या बिल्ड-डॉट-एसएच या स्क्रिप्टचं नाव देणार. ही पहिली ओळ.

दुसरी ओळ "ऑटोराइट" चालू करण्याची. तिच्यामुळे कंपाईल करण्याआधी फाईल आपोआप सेव्ह होते. नाहीतर दुरुस्ती स्क्रीनवर, आणि कंपाईल होतोय कालचा माल.

तिसरी ओळ शॉर्टकटची. पुष्कळजण एफ ९ वर बसवतात. मी सांगेन, बसवू नका. मॅकवर वरच्या रांगेतली बटणं आवाज आणि उजेड कमीजास्त करतात, एफ ९ साठी एफएन दाबून धरावं लागतं. त्यापेक्षा लीडर आणि एम असं ठेवा, सगळीकडे बोटांना एकच सवय राहते.

हे तिन्ही विमआरसी फाईलमध्ये लिहा आणि तीच फाईल सगळीकडे न्या. मशीन कोणतं, हे विचारणारा एकही "इफ" त्या फाईलमध्ये नको. कंपाईल झाल्यावर विम पहिल्या एररच्या ओळीवर स्वतः जाऊन उभा राहतो. कोलन सीएन म्हटलं की पुढची एरर, कोलन कोपन म्हटलं की खाली अख्खी यादी. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर फाईलचं नाव, ओळ, रकाना, मग मजकूर अशाच क्रमाने एरर लिहितात, म्हणून यासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही.

एक लक्षात ठेवा. विम त्या स्क्रिप्टला तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथे शोधतो. म्हणून प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधूनच विम उघडायचा.

फरक कुठे आहे, ते समजून घ्या

एक खरं उदाहरण घेऊ. आपल्या प्रोग्रामला दोन लायब्ररी लागतात. स्टॉक साठवायला एसक्यूलाइट, आणि बिलावर यूपीआयचा क्यूआर कोड छापायला क्यूआरएनकोड. तीन मशीनवर एरर दिसते एकच: हेडर फाईल सापडत नाही. पण कारण प्रत्येक ठिकाणी वेगळं.

उबुंटूवर एसक्यूलाइट बहुधा आधीच असतं, पण ते चालवण्यापुरतं. कंपाईल करायला लागणारी हेडर फाईल वेगळ्या पॅकेजमध्ये येते, ज्याच्या नावाच्या शेवटी डेव असतं. ते पॅकेज टाकलं की विषय संपला.

मॅकवर एसक्यूलाइटचं हेडर ॲपलच्या टूल्सबरोबरच येतं. पण क्यूआरएनकोड होमब्रूमधून आणावं लागतं. जुन्या इंटेल मॅकवर होमब्रू सामान ठेवतं यूएसआर लोकलमध्ये, आणि तिथे कंपायलर स्वतःहून बघतो. एम मालिकेच्या चिपच्या नव्या मॅकवर तेच सामान ऑप्ट होमब्रूमध्ये जातं, आणि तिथे कंपायलर बघत नाही, त्याला सांगावं लागतं. म्हणून "माझ्या मॅकवर चालतं, त्यांच्या मॅकवर नाही" ही तक्रार अगदी खरी असते.

फ्रीबीएसडीवर बाहेरून टाकलेलं सगळं यूएसआर लोकलमध्ये जातं. पण तिथला मूळ कंपायलर त्या फोल्डरमध्ये आपणहून डोकावत नाही. हेडरसाठी एकदा आणि लायब्ररीसाठी एकदा, असा दोनदा पत्ता द्यावा लागतो. आणि मूळ कंपायलर म्हणजे क्लँग. २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून तिथे तोच आहे. त्यामुळे मेकफाईलमध्ये जीसीसी असं नाव कोरून ठेवलंत तर तिथे "असा प्रोग्राम नाही" असं उत्तर येणार. सीसी असं लिहा, ते तिन्हीकडे चालतं.

मेकही सगळीकडे एक नाही

मेक हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. आज लिनक्सवर जीएनयूचा मेक आहे. मॅकवरही तोच, पण ३.८१ ही २००६ ची म्हातारी आवृत्ती. फ्रीबीएसडीवर बीएसडीचा स्वतःचा मेक आहे, आणि त्याची "इफ" लिहायची पद्धत जीएनयूपेक्षा वेगळी. म्हणजे "मशीन मॅक असेल तर हे, नाहीतर ते" असं मेकफाईलमध्ये लिहिलंत की ते एकाला कळेल, दुसऱ्याला नाही.

काहीजण यावर उपाय करतात की फ्रीबीएसडीवर जीमेक टाकायचा, म्हणजे जीएनयूचाच मेक, आणि विमला तो असेल तर तो वापर असं सांगायचं. चालतं. मोठा प्रोजेक्ट असेल तर मीही तेच करेन. पण आपल्या पाच-सहा फाईलच्या प्रोग्रामसाठी गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर आणखी एक सामान कशाला चढवायचं?

माझी पद्धत अशी. मेकफाईल अगदी साधा ठेवायचा. त्यात एकही "इफ" नाही. टक्क्याच्या चिन्हाचे नियम नाहीत, जुन्या पद्धतीचा डॉट सी डॉट ओ असा नियम. मशीनची चौकशी सगळी बिल्ड स्क्रिप्टमध्ये. स्क्रिप्ट आधी युनेम ही कमांड चालवते. उत्तर लिनक्स आलं तर काही जोडायचं नाही. डार्विन आलं तर ते मॅक आहे, मग ऑप्ट होमब्रू फोल्डर आहे का बघायचं आणि असेल तर त्याचा पत्ता जोडायचा. फ्रीबीएसडी आलं तर यूएसआर लोकलचे दोन्ही पत्ते जोडायचे. शेवटी हे पत्ते मेकच्या हातात देऊन त्याला कामाला लावायचं, आणि विमकडून आलेला जादा शब्द, उदाहरणार्थ क्लीन, तसाच पुढे पाठवायचा. वीसेक ओळी होतात.

ही स्क्रिप्ट साध्या एसएचमध्ये लिहा, बॅशमध्ये नको. फ्रीबीएसडीवर बॅश मुळातच नसतो.

आता त्या खाचाखोचा, ज्यांनी खरा वेळ जातो.

मेकफाईलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. विमला टॅबच्या जागी स्पेस टाकायची सवय लावली असेल तर "मिसिंग सेपरेटर" अशी एरर येते. विमआरसीमध्ये फाइलटाइप प्लगइन चालू असेल तर विम मेकफाईलपुरता टॅब तसाच ठेवतो. गंमत म्हणजे हा टॅबचा त्रास फेल्डमन यांच्याही लक्षात आला होता, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांचं काम बिघडू नये म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. डझनभर गिऱ्हाइकांसाठी घेतलेला निर्णय, आणि जग अजून टॅब मारतंय. तुमच्या बिलाच्या फाईलचा फॉरमॅट पहिल्या गिऱ्हाइकाआधीच नीट ठरवा, एवढं त्यातून घ्या.

दुसरी खाच पेन ड्राइव्हची. उबुंटूवरचा अख्खा फोल्डर मॅकवर नेलात तर आधी कंपाईल झालेल्या डॉट ओ फाईलही जातात. मेक तारखा बघतो, त्याला वाटतं माल ताजा आहे, आणि तो पुन्हा कंपाईलच करत नाही. मग जोडणी करताना कधी न पाहिलेली एरर येते. म्हणून नवीन मशीनवर पहिली कमांड मेक क्लीन.

रास्पबेरी पायवर तारखेचा उलटा त्रास. पाय ४ पर्यंतच्या बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर तारीख मागे राहते, आणि मेक सांगतो की फाईल भविष्यातली आहे. आधी तारीख बरोबर करा, कोडमध्ये शोधू नका.

तयार फाईलसाठी वेगळा फोल्डर केलात तर त्याला "ओबीजे" नाव देऊ नका. बीएसडीचा मेक त्या नावाचा फोल्डर दिसला की स्वतःच आत शिरून काम करतो, आणि बाहेरच्या फाईल त्याला सापडत नाहीत. दुसरं कुठलंही नाव द्या.

वॉर्निंगला एरर समजण्याचा पर्याय, म्हणजे डब्ल्यू-एरर, तुमच्या घरच्या मशीनवर जरूर लावा. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या मेकफाईलमधून काढा. क्लँग आणि जीसीसीच्या वॉर्निंग वेगवेगळ्या असतात. काउंटरवर उभं राहून बिनमहत्त्वाच्या वॉर्निंगशी भांडण्यात अर्थ नाही.

कोटेशन देण्याआधी गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी करायला सांगा: टर्मिनल उघडून युनेम, स्पेस, वजा चिन्ह, ए असं टाईप करा आणि स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. त्या एका ओळीत मशीन कोणतं, आवृत्ती कोणती, चिप कोणती, सगळं येतं. लिनक्स असेल तर नेहमीचा दर. डार्विन असेल तर टूल्स आदल्या दिवशी उतरवायला सांगायचं. फ्रीबीएसडी असेल तर एक दिवस धरून दर सांगा, आणि कोटेशनमध्ये त्या मशीनचं नाव लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी त्यांनी मशीन बदललं तर पुन्हा बसवण्याचे पैसे वेगळे, हे दोघांनाही आधीपासून माहीत असेल.