चारशे चारच्या रांगेत एक दोनशे

आमच्या गावातल्या वाचनालयाची पुस्तकसूची इंटरनेटवर आहे. कोणतं पुस्तक कपाटात आहे, कोणतं बाहेर गेलंय, हे सभासदांना घरबसल्या कळतं. तिची तांत्रिक देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी साइट फारच रखडत चालली होती, म्हणून सर्व्हरचा लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची आवक-नोंदवही. कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं.

पहाटे तीनच्या सुमाराच्या नोंदी पुस्तकांच्या नव्हत्या. एकच पाहुणा धडाधड एकामागून एक पत्ते विचारत सुटला होता. पीएचपीमायअ‍ॅडमिन, पीएमए, मायअ‍ॅडमिन, डीबीअ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनर... प्रत्येक ओळीच्या शेवटी ४०४. म्हणजे, असं पान इथे नाही. असे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, रोज येतात, म्हणून मी नजर भरभर खाली नेत होतो. खाली एका ओळीत ४०४ नव्हतं. २०० होतं. म्हणजे, आहे, हे घ्या. मागितलेल्या फाइलचं नाव होतं अ‍ॅडमिनर-४.२.५.

ही सगळी नावं एका जातीच्या साधनांची आहेत. वाचनालय असो, किराणा दुकान असो की पतपेढी, संकेतस्थळामागची माहिती मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये असते आणि तिच्याशी एसक्यूएल भाषेत बोलावं लागतं. ते सोपं व्हावं म्हणून टोबियास राटशिलर याने १९९८ मध्ये पीएचपीमायअ‍ॅडमिन लिहायला घेतलं. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, लॉगिन करायचं की सगळे तक्ते समोर. वेळ मिळेना म्हणून दोन वर्षांत त्याने काम थांबवलं. २००१ मध्ये तिघांनी ते उचललं आणि आजतागायत ते चालू आहे. झेक प्रोग्रामर याकुब व्राना याचं अ‍ॅडमिनर २००७ चं. त्याची खुबी अशी की अख्खं साधन पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एकाच फाइलमध्ये मावतं. फाइल सर्व्हरवर टाकली की झालं. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही फुकट. आपल्याकडे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्या कित्येकांनी डेटाबेस पहिल्यांदा पाहिला तो प्रयोगशाळेत झॅम्प हा तयार सॉफ्टवेअर-संच टाकून, पीएचपीमायअ‍ॅडमिनच्याच पानावर. झॅम्पमध्ये रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला मुळात पासवर्डच नसतो. स्वतःच्या लॅपटॉपवर शिकताना ते चालून जातं. तीच सवय सर्व्हरवर गेली की घात होतो.

आता ४.२.५ कडे. अ‍ॅडमिनरच्या पहिल्या पानावर वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड यांच्या वर एक रकाना असतो: सर्व्हर. तिथे आपण आपल्याच डेटाबेसचा पत्ता देतो. हल्लेखोर तिथे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता देतो. वरवर यात धोका काहीच वाटत नाही. तो स्वतःच्याच डेटाबेसमध्ये शिरतोय, आपलं काय जातंय? पण अ‍ॅडमिनर चालतंय आपल्या सर्व्हरवर. म्हणजे आपला सर्व्हर ग्राहक होऊन त्याच्या दारात गेला.

आणि मायएसक्यूएलच्या बोलण्याच्या रीतीत एक जुनी सोय आहे. ग्राहकाकडे असलेली एखादी मोठी फाइल डेटाबेसमध्ये भरायची असेल, तर ग्राहक तशी आज्ञा देतो. सर्व्हर उत्तर देतो, ‘ठीक, अमुक फाइल पाठव.’ ग्राहक ती पाठवतो. फाइलचं नाव ग्राहकाच्या आज्ञेतच होतं, तरी प्रत्यक्ष मागणी करताना ते उच्चारतो सर्व्हर, आणि ग्राहक ‘मी हीच म्हणालो होतो का?’ हे ताडून पाहत नाही. त्यामुळे खोटा सर्व्हर कोणत्याही साध्या प्रश्नाला ‘ती पासवर्ड लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल पाठव’ असं उत्तर देऊ शकतो, आणि ही सोय चालू असेल तर ग्राहक निमूटपणे ती हवाली करतो. असा सर्व्हर कुणी बनवू शकेल हे मायएसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे! ते वाचून मी थोडा वेळ सुन्न बसलो होतो. धोका लपलेला नव्हता, छापलेला होता.

पुढचं सोपं आहे. त्या फाइलमध्ये खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड असतो. हल्लेखोर अ‍ॅडमिनरच्या त्याच पानावर परत येतो आणि या वेळी खरा पत्ता, खरं नाव, खरा पासवर्ड घालून आत जातो. ऑनलाइन दुकानांच्या पानांत ग्राहकांचे कार्ड नंबर टिपणारा कोड घुसवणाऱ्या, मेजकार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांनी हेच केलं. नेदरलँड्सचा सुरक्षा संशोधक विलेम द ग्रोट याने जानेवारी २०१९ मध्ये ते उघड केलं. यातली सर्वांत बोचणारी गोष्ट तारखांमध्ये आहे. ही वाट बंद करणारी ४.६.३ ही आवृत्ती जून २०१८ मध्येच आली होती. मार्च २०१९ मध्ये पीएचपीने स्वतःहून ग्राहकाकडून फाइल मागण्याची ती सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. सीव्हीई-२०२१-४३००८ हा या त्रुटीचा अधिकृत क्रमांक मात्र २०२१ सालचा. आणि आमच्या सर्व्हरवर फाइल होती ४.२.५.

पीएचपीमायअ‍ॅडमिनची २०१८ मधली त्रुटीही जवळून पाहण्यासारखी आहे. पत्त्यात दिलेल्या नावाची फाइल ते उघडायचं, पण आधी ते नाव मंजूर यादीत आहे का, हे बघायचं. प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग तपासताना ते सोडून द्यायचं. पत्त्यामध्ये प्रश्नचिन्ह ‘टक्का-तीन-एफ’ असं लिहिता येतं, आणि त्यातला टक्का पुन्हा ‘टक्का-दोन-पाच’ असा. हल्लेखोराने प्रश्नचिन्ह असं दोनदा गुंडाळून दिलं. एक वेष्टन पीएचपीने वाचतानाच सोडलं. दुसरं तपासणीने सोडलं, प्रश्नचिन्ह पाहिलं, पुढचं सगळं टाकलं, उरलेलं नाव यादीत सापडलं, मंजूर. मात्र फाइल उघडताना वापरला गेला तो न सोललेला मजकूर, आणि त्यात पुढे सर्व्हरच्या भलत्याच फोल्डरची वाट लिहिलेली होती. तपासलं एक, उघडलं दुसरं.

एवढ्यावर भागत नव्हतं. नुकत्याच चालवलेल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, हे साधन सर्व्हरवरच्या सेशन फाइलमध्ये लिहून ठेवतं. हल्लेखोर पीएचपीच्या आज्ञा साधा मजकूर म्हणून क्वेरीत लिहायचा आणि मग वरच्या युक्तीने तीच सेशन फाइल उघडायला लावायचा. नुसता लिहून ठेवलेला मजकूर चालायला लागायचा. त्यासाठी आधी लॉगिन करावं लागे, हा दिलासा. पण रूटला पासवर्डच नसेल, तर कसला दिलासा? ही चूक ४.८.० आणि ४.८.१ या दोनच आवृत्त्यांत होती आणि जून २०१८ मध्ये ४.८.२ ने ती गेली. त्याआधी दोनच वर्षं, २०१६ मध्ये, मोझिलाच्या पैशातून या साधनाची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली होती आणि गंभीर काही निघालं नव्हतं. तपासणी खोटी नव्हती. कोड रोज बदलतो, आणि नव्या ओळींबरोबर नव्या चुका येतात.

मग कोड सगळ्यांना उघडा ठेवणं हाच दोष आहे का? मला ते अजिबात पटत नाही. उघडा होता म्हणूनच परक्या माणसांना चुका दिसल्या, आणि अनेकदा फुकट काम करणाऱ्या मोजक्या लोकांनी त्या तातडीने बुजवल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये सोर्सफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअर वाटणाऱ्या संकेतस्थळाच्या कोरियातल्या एका मिरर (फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या) सर्व्हरवर पीएचपीमायअ‍ॅडमिनची झिप बदलून तिच्यात चोरदरवाजा असलेली एक जादा फाइल घातली गेली होती. सुमारे ४०० जणांनी ती उतरवून घेतली. मूळ कोड सर्वांसमोर असल्याने जादा काय ते नेमकं दाखवता आलं. खरी अडचण पुढची आहे. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा चूक कुठे होती हेही जाहीर होतं, आणि ते वाचणाऱ्यांत हल्लेखोर सर्वांत तत्पर असतात. २००९ च्या मार्चमध्ये पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या सेटअप फाइलीतली त्रुटी दुरुस्त झाली, तरी रोमानियन लोककथांतल्या ‘झ्मेउ’ राक्षसाचं नाव घेतलेला बॉट पुढे कित्येक वर्षं ती फाइल शोधत सर्व्हरमागून सर्व्हर पालथे घालत होता. अजून कुणीतरी ती बदललेली नसणार, या भरवशावर.

त्या रात्री मी फाइलची तारीख पाहिली. माझ्या आधी हे काम सांभाळणाऱ्या मुलाने सूची नव्या सर्व्हरवर हलवताना ती टाकली होती. दहा मिनिटांचं काम असेल. काम झालं, फाइल राहिली. उतरवताना तिच्या नावातच आवृत्तीचा आकडा येतो, म्हणून बॉटला आवृत्त्यांचे आकडे एकेक करून विचारले की पुरे. त्याला २०० मिळाल्यानंतर लॉगिनचा प्रयत्न दिसला नाही. तो फक्त पत्ता टिपून गेला होता. पण आमच्याकडे लॉग चौदाच दिवसांचे राहतात. त्याआधी कोण आलं, हे सांगणारं काहीच हाती नव्हतं. त्या डेटाबेसमध्ये पुस्तकांबरोबर सभासदांची नावं, पत्ते आणि फोन नंबर आहेत. त्यातल्या पुष्कळांना मी ओळखतो.

फाइल काढली. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, संकेतस्थळ ज्या खात्याने डेटाबेसशी बोलतं त्याचे जादा अधिकार काढले, आणि साइटवरची प्रत्येक फाइल जुन्या बॅकअपशी ताडून पाहिली. उजाडलं होतं. सकाळी ग्रंथपाल काकूंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सभासदांना आपण कळवायचं ना?” कळवलं.

चार दिवसांनी तोच पाहुणा पुन्हा आला. पुन्हा पहाटे तीन. या वेळी त्याने बाकी काही विचारलं नाही, थेट अ‍ॅडमिनर-४.२.५ मागितलं. ओळीच्या शेवटी ४०४ होतं.