मोगल लघुचित्रांतील बादशाही शिकार

मोगल चित्रकलेविषयी आपल्याकडे बोलणे निघते ते बहुधा दरबारच्या देखाव्यांविषयी, बागांविषयी, नाहीतर हाती गुलाब घेतलेल्या बादशहाच्या तसबिरीविषयी. शिकारीची चित्रे मागेच राहतात. वास्तविक चित्रकाराचा कस लागे तो येथेच. दरबारात माणसे स्तब्ध उभी असतात; शिकारीत सारेच धावत असते.

बादशहाची शिकार हा निव्वळ शौक नव्हता. शिकारीच्या निमित्ताने बादशहा अचानक मुलखात जातो आणि रयतेची व लष्कराची स्थिती जाणून घेतो, असे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहिले आहे. स्तुतिपाठकाचे बोलणे म्हणून त्यातले काही वजा केले, तरी एवढे खरेच की हत्ती, घोडे आणि हजारो माणसे घेऊन बादशहा एखाद्या प्रांतात उतरला, की तेथल्या बंडखोर जमीनदाराला निराळा निरोप धाडण्याची गरज उरत नसे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'कमरगाह'. हाकारे दूरवरून रान उठवीत आणि जनावरांभोवतीचे कडे दिवसेंदिवस आवळीत आणीत. १५६७ मध्ये अकबराने लाहोरजवळ केलेल्या अशा शिकारीचे जोडपानी चित्र 'अकबरनामा'च्या पोथीत आहे. सुमारे १५९०-९५ च्या या पोथीतील ११६ चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. शिकारीच्या चित्राची रचना मिस्कीन या चित्रकाराची. त्या काळी एकाच चित्रावर अनेक हात फिरत. मुख्य चित्रकार 'तरह' म्हणजे आराखडा करी, दुसरा 'अमल' म्हणजे रंगकाम करी, आणि प्रसंगी चेहरे तिसऱ्याकडे जात. कोणी काय केले याची नोंद पानाच्या खालच्या कडेला केलेली आढळते.

मिस्कीनच्या चित्रात घोड्यावर स्वार झालेला अकबर शांत आहे. श्रमाची किंवा भीतीची एकही रेषा त्याच्या मुद्रेवर नाही. बादशहाच्या मुद्रेवर ती असून चालत नसे. सारी धावपळ, सारा आकांत जनावरांच्या वाट्याला आला आहे. उधळलेली हरणे, मान मुरडून मागे पाहणारा काळवीट, भक्ष्यावर झेपावलेला चित्ता! पोथी बादशहाची, पराक्रमही बादशहाचा. पण माझ्या मते चित्रकाराची नजर त्या कोंडलेल्या जिवांवर खिळली होती. नाहीतर प्रत्येक जनावराची धाव वेगळी काढण्याचे त्याला कारण नव्हते. (ज्या चित्त्यांना बादशहा शिकारीसाठी पाळीत, ते भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर करावे लागले, आणि २०२२ मध्ये ते आफ्रिकेतून आणावे लागले.)

पुढे १५७८ मध्ये पंजाबात भेऱ्याजवळ अशीच मोठी शिकार ऐन रंगात असताना अकबराच्या मनाने काही वेगळेच घेतले. त्याने शिकार थांबवली व जनावरे सोडून देण्याचा हुकूम केला. अबुल फजल त्यात ईश्वरी साक्षात्कार पाहतो.

जहांगीरचा मामला निराळा. त्याने शिकारीचा चक्क हिशेब ठेवला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समक्ष २८,५३२ शिकारी झाल्या, पैकी १७,१६७ आपण स्वतः केल्या, असे तो आत्मचरित्रात नोंदवतो. आणि याच माणसाने मन्सराज नावाच्या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ शेखुपुऱ्यास मनोरा उभारला व तेथे हरणांच्या शिकारीस बंदी केली!

१६१० मध्ये जहांगीरच्या शिकारीत एका सिंहाने अनुपराय नावाच्या सेवकाला खाली पाडून त्याचे हात जबड्यात धरले. शाहजादा खुर्रम तलवार घेऊन धावला. अनुपराय वाचला आणि त्याला 'अनीराय सिंहदलन' ही पदवी मिळाली. या प्रसंगाचे बालचंदने काढलेले सुंदर चित्र विंडसर येथील 'पादशहानामा'त आहे. पण ते सुमारे १६४० चे, म्हणजे खुर्रम शाहजहान होऊन तख्तावर बसल्यानंतरचे. चित्राचा नायक कोण, हे तोपर्यंत ठरून गेले होते. तरीही जमिनीवर पडलेल्या अनुपरायवरून डोळा हलत नाही. बालचंदची हीच करामत.

त्याच पोथीत बुऱ्हाणपूरच्या शिकारीचे चित्र आहे. प्रसंग जुलै १६३० चा. जाळ्यांच्या वेढ्यात कोंडलेले सिंह, आणि हत्तीवरून त्यांची शिकार करणारा शाहजहान. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशचे दार. त्या वर्षी सुरू झालेल्या भीषण दुष्काळाने १६३२ पर्यंत गुजरात आणि दख्खन उजाड केले. त्याचे वर्णन बादशहाच्या इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, याच 'पादशहानामा'त केले आहे. हाडांचे पीठ कणकेत मिसळून विकले गेले, येथपर्यंत त्याने लिहिले. विंडसरच्या पोथीत चव्वेचाळीस चित्रे आहेत. दुष्काळाचे त्यांत एकही नाही.