ग्राहकाचेही अचौर्यव्रत

पावसाळ्यात पुण्यातील अनेक कुटुंबे मुळशी तालुक्यातील लवासाची सहल करतात. दासवे येथे जलाशयाच्या काठी, इटलीतील पोर्टोफिनो या बंदरगावाच्या धर्तीवर रंगीत इमारती उभ्या आहेत. देखावा जुन्या गावाचा असला तरी नगर या शतकातले आहे. खरोखरीच जुनी कलाकुसर पाहावयाची, घ्यावयाची, तर परतताना पुण्याच्या पेठांतच उतरावे लागते. त्या खरेदीत जैन श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताची कसोटी लागते.

या व्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे म्हणजे तदाहृतादान, राज्याचे नियम ओलांडणे म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम, खोटी मापे वापरणे म्हणजे हीनाधिकमानोन्मान आणि नकली माल खरा म्हणून विकणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहार. चोरीस प्रवृत्त करणे, स्तेनप्रयोग, हा पाचवा. गादीवर बसणारा व्यापारी हे सारे जाणतो. ग्राहक होताच मात्र त्याचा विसर पडतो.

कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचे काम चालते. पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन मठारकाम केले की भांड्याला झळाळी येते आणि पत्राही टणक होतो. अशा भांड्याचा भाव केवळ वजनावर पाडून मागणे म्हणजे कारागिराची मजुरी बुडविणे. तसेच, एखाद्या घरातील जुने घंगाळ मोडीच्या भावात घेऊन त्याचे खरे मोल दडविणे, हेही काट्यातील खोटच समजावी.

वस्त्रांत प्रतिरूपकाचा धोका अधिक. रेशमातील हिंसेमुळे ज्या घरांत पैठणी येत नाही, त्यांचा प्रश्न वेगळा. घेणाऱ्यांनी मात्र पदर उलटून पाहावा. हातमागावरील पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या मालात मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले आढळतात. यंत्रमागाचा माल घेण्यात दोष नाही. तो हातमागाचा म्हणून भेट देण्यात आहे.

सर्वांत अवघड कसोटी जुन्या बाजारात लागते. मंगळवार पेठेलगतचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दिवे, अडकित्ते, कुलुपे यांच्या राशीत कधी एखादी धातूची जिनप्रतिमा दिसते. काही मूर्ती नव्याच घडवून, रसायनाने काळवंडून जुन्या म्हणून विकल्या जातात. पण मूर्ती खरीच जुनी असेल तर? जुन्या जैन धातुमूर्तींच्या पाठीवर बहुधा लेख कोरलेला असतो. त्यात संवत, दात्याचे व प्रतिष्ठापक आचार्यांचे नाव सापडते. अशी मूर्ती कोणाच्या तरी श्रद्धेने मंदिरात बसविलेली असते. ती तेथून कशी निघाली, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

कायदाही स्पष्ट आहे. पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती व ७५ वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते. त्याच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. संशय आल्यास मंदिराच्या विश्वस्तांना व पोलिसांना कळवावे. ‘मूर्ती सोडवून आणली’ हा भाव कितीही शुद्ध असला, तरी दिलेल्या पैशाने चोराचाच बाजार तेजीत येतो.

जुन्या वस्तूंचा ध्यास पुरविण्याची दुसरी वाटही पुण्यातच आहे. दिनकर केळकर यांनी जमविलेल्या सुमारे २० हजार वस्तू दिवंगत पुत्र राजाच्या स्मरणार्थ संग्रहालयाच्या रूपाने समाजाला मिळाल्या. मुलांना तेथे न्यावे, आळीत एखादे भांडे योग्य दामाने घ्यावे, आणि पावती घरातील वहीत जपून ठेवावी.