विकरांची पारख
सोमाटणे फाट्यावरून जुन्या महामार्गाने पुण्याकडे जाताना पिंपरीस 1954 साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना लागतो. तेथे एकेकाळी बनणाऱ्या पेनिसिलिनपासून ॲम्पिसिलिनसारखी पुढील औषधे घडवायची, तर त्याच्या रेणूची एक बाजू नेमकी छाटावी लागते आणि हे नाजूक काम पेनिसिलिन ॲसिलेज हे विकर साध्या पाण्यात, मंद उष्णतेवर बिनबोभाट करते. अशा विकराचे अधिक टिकाऊ रूप शोधताना त्याच्या जनुकात यदृच्छेने बदल करून हजारो नमुने निर्माण करतात. ते एकेक तपासण्यात आयुष्य सरेल, सबब 96 खळग्यांच्या तबकडीत प्रत्येक नमुना स्वतंत्र ठेवून त्यावर असे रसायन घालतात, की विकर कार्यक्षम असल्यास द्रव पिवळा व्हावा, आणि त्या पिवळेपणाची तीव्रता यंत्र क्षणार्धात मोजते. तेलातील सूक्ष्म जलबिंदूंत एकेक पेशी कोंडून कार्यक्षम विकरामुळे चमकणारे बिंदू वेचण्याची रीत तर याहूनही वेगवान आहे. निवडलेल्यांत पुन्हा बदल, पुन्हा पारख, या क्रमाला प्रतिष्ठा देणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या. माझ्या मते मात्र गतीपेक्षा कसोटी मुक्रर करणे अधिक महत्त्वाचे आहे. कारण पेनिसिलिनऐवजी वापरलेल्या, पिवळा रंग देणाऱ्या बदली रसायनावर अव्वल ठरलेले विकर प्रत्यक्ष पेनिसिलिनवर निष्प्रभ ठरू शकते, म्हणून अखेरची तपासणी खऱ्या द्रव्यावरच झाली पाहिजे.