सही झाली, नोंदणी राहिली

घराचा किंवा जमिनीचा व्यवहार ठरला, कागदावर सह्या झाल्या, की आपल्याकडे पेढे वाटले जातात. ठाण्यात काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणारा माणूस त्या दिवशी निर्धास्त झोपतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र काळजीचे दिवस तेव्हाच सुरू होतात. सही झाली पण दस्ताची नोंदणी झाली नाही, या मधल्या काळात घेणाऱ्याचे पैसे गेलेले असतात आणि सरकारी दप्तरात मालक म्हणून जुनेच नाव असते. हा काळ कधी दोन दिवसांचा असतो, तर कधी चार महिन्यांचा. या काळात आपला व्यवहार सुरक्षित कसा ठेवायचा, ते आज पाहू.

आधी तीन कागदांतला फरक समजून घेऊ. व्यवहार पक्का करण्यासाठी थोडी रक्कम देऊन लिहून घेतो ती विसार पावती. 'अमुक अटी पूर्ण झाल्यावर मी ही मिळकत तुम्हाला विकीन' असा करार म्हणजे साठेखत. आणि मालकी प्रत्यक्ष हस्तांतरित करते ते खरेदीखत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ यातील कलम ५४ स्पष्ट सांगते की, साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ते वचन आहे, मालकी नव्हे. मालकीसाठी खरेदीखत लागते, आणि १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे नोंदवावेच लागते.

मग मधल्या काळात काय काय घडू शकते? जास्त भाव देणारा दुसरा गिऱ्हाईक भेटला म्हणून विकणाऱ्याची नियत फिरू शकते. तो मिळकत बँकेकडे गहाण टाकू शकतो. त्याचा एखादा सावकार न्यायालयातून जप्ती आणू शकतो. त्याचे निधन होऊन वारसांत वाद सुरू होऊ शकतो. यातले काहीही घडले तरी घेणाऱ्याच्या हातात काय आहे, हे त्याचा कागद नोंदलेला आहे की नाही यावर अवलंबून असते.

म्हणून पहिला उपाय असा की, साठेखत आणि खरेदीखत यांच्यात अंतर राहणार असेल, तर साठेखतच नोंदवून घ्यावे. कर्ज मंजूर व्हायचे आहे, सोसायटीचा ना हरकत दाखला यायचा आहे, वारसांची नावे लागायची आहेत, अशा कारणांनी हे अंतर बहुतेक वेळा राहतेच. साठेखत नोंदवल्याने तीन फायदे होतात. पहिला फायदा म्हणजे, नोंदणी झालेला दस्त ही कायद्याने साऱ्या जगाला दिलेली सूचना ठरते. नंतर तीच मिळकत घेणारा 'मला ठाऊकच नव्हते' असे म्हणू शकत नाही. एरवी विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ प्रमाणे, पूर्ण मोबदला देऊन अजाणतेपणी घेणाऱ्या नव्या खरेदीदाराला संरक्षण मिळते आणि आपण मागे पडतो. दुसरा फायदा ताब्याचा. साठेखतावर ताबा मिळाला असेल, तर तो टिकवण्याचे संरक्षण २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांत केवळ नोंदलेल्या करारालाच मिळते. तिसरा फायदा फारच थोड्यांना माहीत असतो. जप्तीच्या आधी करार झालेला आणि नोंदलेला असेल, तर त्यानुसार नंतर केलेले खरेदीखत जप्तीमुळे बाद ठरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मध्ये तशी तरतूद २००२ पासून आहे.

बांधकाम व्यावसायिकाकडून नवे घर घेताना तर हे आपल्या मर्जीवर सोडलेलेच नाही. मोफा, म्हणजे १९६३ चा महाराष्ट्राचा सदनिका कायदा, नोंदणीकृत कराराशिवाय २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई करतो. रेरा कायद्याने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. 'आधी निम्मे पैसे भरा, ॲग्रीमेंट सावकाश करू' असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे.

आता समजा, साठेखताचा प्रश्न नाही. खरेदीखतच झाले आहे, मुद्रांक शुल्क भरले आहे, दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. पण नोंदणीच्या दिवशी विकणारा आलाच नाही. आज तब्येत बरी नाही, उद्या गावी जायचे आहे, असे सांगत दिवस चालले आहेत. अशा वेळी बहुतेक माणसे हात जोडून त्याच्या दाराशी खेटे घालतात. प्रत्यक्षात कायद्याने घेणाऱ्याला एक मोठे साधन दिले आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत घेणारा एकटा जाऊन तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी सादर करू शकतो. दस्त सादर करण्यासाठी दोघांनी एकत्रच जायला हवे, असे कायदा म्हणत नाही. विकणाऱ्याची हजेरी लागते ती सहीची कबुली देण्यासाठी. त्यासाठी त्याला समन्स काढण्याची विनंती करता येते. त्याचे निधन झाले असेल, तर त्याचे वारस कबुली देऊ शकतात.

तो आला आणि 'ही सही माझी नाही' म्हणाला, किंवा शेवटपर्यंत आलाच नाही, तर दुय्यम निबंधक कारण नोंदवून नोंदणी नाकारतो. ती नाकारल्याचा लेखी आदेश मागून घ्यावा. त्या आदेशापासून ३० दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. तिथे साक्षीपुरावा घेऊन सही खरी ठरली, तर नोंदणीचा आदेश मिळतो. तिथेही नकार मिळाला, तर पुढच्या ३० दिवसांत दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. या मुदती अत्यंत काटेकोर आहेत. चार महिन्यांची मुदत टळली, तर टाळता न येणाऱ्या कारणासाठी दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. हा दंड नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे मात्र दार बंद होते.

या चार महिन्यांचे मोल आणखी एका कारणाने आहे. कलम ४७ प्रमाणे, नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, तर सहीच्या तारखेपासून अंमलात येतो. समजा, आपल्या खरेदीखतावर १ तारखेला सह्या झाल्या. विकणाऱ्याने १० तारखेला तीच मिळकत दुसऱ्याला विकून त्याच दिवशी नोंदणीही करून दिली. आपला दस्त त्यानंतर, पण मुदतीत सादर होऊन नोंदला गेला, तर तो १ तारखेचा मानला जातो आणि आधीचा ठरतो. म्हणून 'दुसऱ्याची नोंदणी झाली, आता सगळे संपले' असे समजून घरी बसू नये.

हातात नुसते साठेखत असेल आणि विकणारा पुढे येत नसेल, तर मार्ग वेगळा आहे. करार पुरा करून मिळण्यासाठी दावा लावावा लागतो. करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत तो लावायला हवा, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षांत. दाव्यासोबत मिळकत विकू नये म्हणून मनाई हुकूम मागावा आणि दावा चालू असल्याची नोटीस, जिला वकील 'लिस पेंडन्स' म्हणतात, ती दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावी. मग शोध घेणाऱ्या प्रत्येकाला तो वाद दिसतो.

काही समजुती मात्र सोडून द्यायला हव्यात. पूर्वी शंभर रुपयांच्या आणि आता पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे नोंदणी झाली असे नाही. नोटरी निराळा, निबंधक निराळा. कुलमुखत्यारपत्र घेऊन मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मालकाच्या निधनाबरोबर साधे कुलमुखत्यारपत्रही संपते. तसेच, 'या मिळकतीचा दस्त नोंदवू नका' असा हरकतीचा अर्ज दुय्यम निबंधकाकडे देऊन स्वस्थ बसू नये. मालकी खरी की खोटी याचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका नियमासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. व्यवहार थांबवायचा, तर न्यायालयाचा मनाई हुकूमच लागतो.

याचीच दुसरी बाजू कल्याण-डोंबिवलीकरांनी जवळून पाहिली आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये उजेडात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे कर्ज काढून घरे घेतलेल्या कुटुंबांवर आभाळ कोसळले. नोंदणी आपला कागद सुरक्षित करते, पण विकणाऱ्याची मालकी किंवा इमारतीची परवानगी खरी आहे, अशी हमी देत नाही. त्यामुळे परवानगीची खातरजमा महापालिकेच्या नगररचना विभागातच करावी.

प्रत्यक्ष व्यवहारात क्रम असा ठेवावा. विसार शक्य तितका कमी द्यावा, तोही चेकने. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्यावा. हा शोध महिन्याभरापूर्वीचा असेल, तर सहीच्या दिवशी सकाळी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून मधल्या दिवसांत नवा दस्त किंवा गहाणाची सूचना नोंदली गेली नाही ना, ते पाहावे. मुद्रांक शुल्क सहीच्या आधी भरावे. सह्या आणि नोंदणी एकाच दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच उरकाव्यात. उरलेल्या रकमेची पे ऑर्डर अंगठे आणि फोटो झाल्यावर, नोंदणीची पावती हाती आल्यानंतरच द्यावी. मिळकतीचे मूळ कागद त्याच वेळी ताब्यात घ्यावेत.

नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, काढून नाव, क्षेत्रफळ आणि सर्व्हे नंबर किंवा सदनिका क्रमांक ताडून पाहावा. जमीन असेल तर सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा. सदनिका असेल तर शेअर सर्टिफिकेटवर नाव लावून घ्यावे.

आणि दस्तावर सही झाली पण नोंदणी काही कारणाने राहिली, तर त्याच रात्री कॅलेंडर काढून चार महिने कोणत्या तारखेला संपतात, तिथे लाल खूण करावी. त्या तारखेच्या किमान महिनाभर आधी वकील गाठावा. समन्स, हजेरी आणि अर्ज यांना लागणारा वेळ त्या चार महिन्यांतूनच काढायचा असतो.