विद्युत्-गिटार आणि पालकांचा खर्च
वाशी-नेरूळच्या सदनिकेतील शिकाऊ मुलास विद्युत्-गिटार घेऊन द्यावयाची झाल्यास खर्च किती करावा? या वाद्याच्या पोलादी तारांचे कंपन त्यांखालील चुंबक व वेटोळे विद्युत्-रूपाने टिपतात. नाद मोठा होतो तो ध्वनिवर्धकातून. म्हणून सारी रक्कम गिटारीवरच घालू नये. १० वॅटचा ध्वनिवर्धक घरापुरता पुरे. तारा पडद्यांपासून फार उंच असल्यास बोटे दुखतात, आणि मूल आपल्याच बोटांस दोष देऊन वाद्य टाकते. यास्तव कारागिराकडून ती उंची नीट करून घेण्याचे पैसे प्रथम बाजूस काढावेत. खाडीकाठच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. त्या बदलण्याचीही तरतूद असावी. भारी नाममुद्रेची गिटार मागाहूनही घेता येते. मुलाचा मावळलेला उत्साह मात्र पैशाने परत येत नाही.